शुद्ध हेतू आणि चुकलेला नियम

एखाद्याने चांगल्या बुद्धीने नियम केला, आणि त्या नियमापायी दुसऱ्या कुणावर अन्याय झाला, तर दोष कुणाचा? हा प्रश्न जुना आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून राज्य चालवणाऱ्यांपर्यंत ज्यांना ज्यांना नियम करावे लागतात, त्यांच्यापुढे तो कधी ना कधी उभा राहतोच. आपले नेहमीचे उत्तरही ठरलेले आहे: "त्याच्या मनात तसे काही नव्हते." एवढे म्हटले की आपण त्या माणसाला मोकळे करतो, आणि पुष्कळदा तो माणूस आपणच असल्यामुळे हे मोकळे करणे आपल्याला सोयीचेही पडते. हेतूची शुद्धता हे आपल्या नैतिक व्यवहारातले सर्वांत सुरक्षित आश्रयस्थान आहे. ते कितपत पक्के आहे, हे मला येथे तपासून पाहायचे आहे. आणि त्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते वाचकांना थोडे आडवाटेचे वाटेल. ते आहे संगणकावरच्या युद्धखेळांचे, आणि त्या खेळांसाठी हौसेने नकाशे रचणाऱ्या पोरांचे.

कॅलिफोर्नियातल्या ब्लिझर्ड ह्या कंपनीने २००२ साली 'वॉरक्राफ्ट ३' नावाचा खेळ बाजारात आणला. सोने आणि लाकूड जमवावे, सैन्य उभारावे, शत्रूचा तळ उद्ध्वस्त करावा, असा तो खेळ. परंतु त्या खेळाबरोबर कंपनीने आणखी एक वस्तू दिली होती: 'वर्ल्ड एडिटर', म्हणजे खेळासाठी नवे प्रदेश रचण्याचे साधन. त्याच कंपनीच्या १९९८ सालच्या 'स्टारक्राफ्ट'मध्येही असे साधन होते. अशा प्रदेशाला खेळणारे 'मॅप' म्हणतात. आपण नकाशा म्हणू. नकाशा म्हटला तरी त्यात नुसत्या नद्या, डोंगर आणि झाडी नसतात; त्या प्रदेशात कोणते कायदे चालतील हेही रचणाऱ्याने लिहायचे असते. प्रत्येक कायद्याचे, म्हणजे 'ट्रिगर'चे, तीन भाग: घटना, अट आणि कृती. अमुक घडले, आणि तमुक अट पुरी होत असेल, तर असे असे करावे. एवढ्याने ज्याचे भागत नाही त्याच्यासाठी 'जास' नावाची एक स्क्रिप्टची भाषाही आत होती. हौशी मंडळींनी ह्या साधनातून असे काही खेळ निर्माण केले, की पुष्कळांना मूळ खेळापेक्षा तेच अधिक प्रिय झाले. 'डोटा' हा त्यांतला सर्वांत गाजलेला. 'यूल' ह्या टोपणनावाने वावरणाऱ्या एका नकाशाकाराने तो २००३ साली रचला, पुढे इतरांनी वाढवला, आणि २०१३ साली 'डोटा २' हा त्याचा स्वतंत्र अवतार निघाला. त्या वर्षांत आपल्याकडच्या सायबर कॅफेंतूनही मुले तासचे तास हे खेळ खेळत असत. वडील माणसांना त्या अंधाऱ्या खोल्यांत गोंगाट आणि पैशांचा चुराडा एवढेच दिसले. परंतु जगभरच्या अशा मुलांपैकी थोडी मुले खेळता खेळता पडद्यामागे गेली आणि कायदे लिहू लागली. मी बोलतो आहे ते त्यांच्याविषयी.

कादंबरी लिहिणाऱ्याला ह्या मुलांचे काम ओळखीचे वाटते आणि परकेही. ओळखीचे अशासाठी, की दोघेही नसलेले जग उभे करतात. परके अशासाठी, की कादंबरीकाराला वाचक मिळतो, आणि वाचक हा फार उदार प्राणी आहे. म्हातारीने दिवा लावला आणि ती ओसरीवर येऊन बसली, असे मी लिहिले, तर दिवा कुठे ठेवला, जळती काडी कुठे टाकली, दार उघडे होते की लोटलेले, हे सारे वाचक स्वतःच्या पदरचे घालून घेतो. वर्गात गणिताची एखादी पायरी सांगितली नाही तरी हुशार मुले ती मनातल्या मनात भरून काढतात. माणसांमाणसांतला बहुतेक व्यवहार असा दुसऱ्याच्या समजुतीवर, उधारीत चालतो. यंत्र ही उधारी देत नाही. जे लिहिले तेवढेच ते करते, आणि ते मात्र न चुकता करते. त्यामुळे मनात काय होते आणि लिहिण्यात काय उतरले ह्यांतले अंतर, जे एरव्ही ऐकणाऱ्याच्या भलेपणाखाली झाकलेले राहते, ते येथे उघड्यावर येते.

एक साधे उदाहरण घेऊ. नकाशाकाराच्या मनात येते, की आपल्या प्रदेशात एक औषधी झरा असावा. जखमी शिपाई त्याच्या काठी आला, की तीन सेकंदांनी तो बरा व्हावा. विचार दयेचा आहे. तो नियम लिहितो: शिपाई झऱ्यापाशी येताच त्याचे नाव 'रोगी' ह्या खणात नोंदवा, तीन सेकंद थांबा, मग 'रोगी' ह्या खणात ज्याचे नाव असेल त्याला बरे करा. तो स्वतः एक शिपाई झऱ्यापाशी नेऊन पाहतो. शिपाई बरा होतो. दहा वेळा नेतो; दहाही वेळा बरा होतो. नियम निर्दोष आहे अशी त्याची खात्री पटते, आणि तो नकाशा मित्रांच्या हाती देतो.

आता खेळणारे आठजण आहेत. एकाचा शिपाई झऱ्यापाशी येतो. खणात त्याचे नाव पडते. एका सेकंदाने दुसऱ्याचा शिपाई येतो. खण एकच असल्यामुळे पहिले नाव पुसून तेथे दुसरे नाव पडते. पहिल्याची मुदत भरते आणि यंत्र खण उघडून पाहते, तर तेथे दुसऱ्याचे नाव! दुसरा बरा होतो. पुढच्या सेकंदाला दुसऱ्याची मुदत भरते. तोच पुन्हा एकदा बरा होतो. आणि जो आधी आला होता तो पाण्याच्या काठी उभा राहून मरतो. कुणी खोटे बोलले नाही, कुणी लाच घेतली नाही, यंत्र बिघडले नाही. नियमाचा प्रत्येक शब्द पाळला गेला.

ह्या चुकीचे मूळ कुठे आहे? हेतूत ते सापडणार नाही. आळसातही सापडणार नाही. त्याने दहा वेळा पाहिले होते. मूळ ह्यात आहे, की पाहताना तो एकटा होता. नियम करणारा नियम करतेवेळी बहुधा एकटाच असतो. त्याच्या डोळ्यांपुढे एक रोगी, एक विद्यार्थी, एक अर्जदार उभा असतो, आणि तो पुष्कळसा त्याच्याचसारखा असतो. जग मात्र असे एकेकाने येत नाही. दोघे एकदम आले, तिसऱ्याने उलट्या क्रमाने मागितले, चौथा अर्ध्या वाटेतून परत फिरला, तर काय होईल, हे त्या एकांतात सुचत नाही. आणि जे सुचले नाही त्याची किंमत नियम करणाऱ्याला पडत नाही. ती काठावरच्या शिपायाला पडते. म्हणून 'मला सुचले नाही' हे वाक्य बोलणाऱ्याला जितके निरागस वाटते तितके ते निरागस नसते. दुसऱ्यांसाठी नियम करायला घेतला, की ते दुसरे कोण कोण असतील, कसे येतील, ह्याची कल्पना करणे हाही त्या कामाचाच भाग होतो.

आपल्या पुराणांना हे ठाऊक होते. भस्मासुराला वर देताना शंकराच्या मनात भक्तावर प्रसन्न होण्याखेरीज काही नव्हते. पण ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील तो भस्म होईल, ह्या वरात देणाऱ्याला वगळणारी अट नव्हती, आणि देवाला स्वतःच पळ काढावा लागला. हिरण्यकशिपूने उलट बाजूने सगळ्या अटी आधीच मागून घेतल्या: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. इतक्या काळजीने केलेल्या यादीतून उंबरठा आणि तिन्हीसांज राहून गेलीच. ह्या कथा सांगताना आपण असुरांच्या फजितीला हसतो. परंतु नियम लिहिणाऱ्याच्या बाजूने त्या ऐकल्या, तर त्यांचा अर्थ गंभीर आहे. शब्दांनी जगाला पुरते कुंपण घालता येत नाही. म्हणून नियम लिहिणे हे एका बैठकीत उरकण्याचे काम नव्हे. लिहिलेल्या नियमाच्या मागोमाग जाऊन तो कुठे काय करतो ते पाहत राहणे, हा त्या कामाचा मोठा भाग आहे.

नकाशांतल्या चुकांच्या तऱ्हाही बोधप्रद असतात. 'जास'मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून जातो. तीन भागिले चार म्हणजे शून्य. त्यामुळे पाऊण जीव उरलेल्या शिपायाला पाऊण मदत द्यावी असा नियम, आकडे तसे लिहिल्यामुळे, काहीच देऊ नये असा होऊन बसतो. दुसरी चूक सांडलवंडीची. एखादे काम करताना यंत्राकडून एखादे स्थळ किंवा शिपायांचा एखादा गट मागून घ्यावा लागतो. काम झाल्यावर तो परत केला नाही, तर तो यंत्राच्या स्मृतीत तसाच पडून राहतो. एकदा असे झाले तर काही बिघडत नाही. पण जो नियम सेकंदासेकंदाला चालतो, तो तासाभरात एवढा कचरा साठवतो की सगळा खेळ जडावतो. आणि तोपर्यंत कारण आणि परिणाम ह्यांच्यात इतके अंतर पडलेले असते, की कुणाला त्यांचे नाते ओळखू येऊ नये.

तिसरी चूक सर्वांत विलक्षण. असल्या खेळांत प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर युद्ध स्वतंत्रपणे चाललेले असते. एकमेकांकडे पाठवले जातात ते फक्त हुकूम. प्रत्येक यंत्र तोच हिशेब करून त्याच निकालाला येईल, हा सगळ्याचा पाया. १९९७ सालचा 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ असाच बांधलेला होता, आणि तो बांधणाऱ्यांपैकी दोघांनी २००१ साली त्याची हकीगत लिहून ठेवली आहे. नकाशा तयार होताना एका यंत्रावर एखादे हरिण किंचित वेगळे उभे राहिले, तर ते चरतही वेगळे जाते. काही मिनिटांनी त्याच्यामागे गेलेल्या गावकऱ्याचा भाला एका यंत्रावर लागतो आणि दुसऱ्यावर चुकतो. एकीकडे घरी मांस येते, दुसरीकडे येत नाही. तेथून पुढे दोन खेळाडू एकच युद्ध लढतो आहोत अशा समजुतीने दोन निरनिराळी युद्धे लढत असतात. 'वॉरक्राफ्ट'च्या नकाशाकारालाही ह्याचे पथ्य सांभाळावे लागते. एखादा मजकूर एकाच खेळाडूच्या पडद्यावर उमटवला तर चालते. पण एखादा शिपाई एकाच खेळाडूच्या यंत्रावर निर्माण केला, तर दोन यंत्रांवरची जगे एकमेकांपासून फुटतात आणि खेळाडू खेळाबाहेर फेकला जातो. कुणाला काय दिसावे ह्यात भेद करता येतो. काय घडले ह्यात करता येत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहावे असे मला वाटते.

परंतु ह्या मुलांची चूक शोधण्याची रीत मला त्यांच्या नकाशांपेक्षाही मोलाची वाटते. नवशिका येतो आणि म्हणतो, "चालत नाही." जाणता त्याला विचारतो: काय व्हायला हवे होते? काय झाले? दर वेळी होते, की कधी कधी? आणि तू काय लिहिलेस असे तुला वाटते ते सांगू नकोस. जे लिहिलेस तेच दाखव. मग पायरीपायरीला पडद्यावर एकेक निरोप उमटवायचा, म्हणजे यंत्र कुठवर आले आणि कुठे थबकले ते कळते. नियम चौसष्ट असले तर बत्तीस बंद करून पाहायचे. चूक राहिली तर ती चालू असलेल्यांत आहे, गेली तर बंद केलेल्यांत. मग त्यांतले सोळा, मग आठ. चूक एकाच नियमात असेल, तर सहा खेपांत तिच्यावर बोट ठेवता येते. बदल एका वेळी एकच करायचा. दोन केले आणि खेळ सुरळीत झाला, तर तो कशाने झाला ते कळायचे राहून जाते.

ह्या रीतीत बुद्धीपेक्षा स्वभावाची परीक्षा अधिक होते. नवशिक्याची पहिली ओढ यंत्राला दोष देण्याकडे असते, आणि दुसरी खेळणाऱ्याला: दोन शिपाई एकदम आणलेच कशाला? हे वाक्य आपण खेळाबाहेरही फार ठिकाणी ऐकलेले असते. अर्ज करणाऱ्याने नीट वाचायला नको का? मुलांनी त्याचा तसा अर्थ घ्यायचाच कशाला? जाणता ही वाट बंद करून टाकतो. खेळणाऱ्याने नियमांच्या आत राहून जे केले ते त्याने केले. त्याला उत्तर द्यायचे ते नियमाने. अशा वेळी स्वतःच्या चांगल्या हेतूविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करावा लागतो, आणि तो न रागावता वाचावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांची मुले हे शिकतात, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

येथे विचारी वाचक मला अडवतील. "म्हणजे माणसाने यंत्रासारखे शब्दाला चिकटून राहावे, असे का तुमचे म्हणणे?" मुळीच नाही. धर्मराजाने अश्वत्थामा गेल्याचे सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हळू आवाजात केला. त्याचा शब्द खरा होता, तरीही त्याच्या रथाची चाके जमिनीला टेकली. शब्दाची आणि न्यायाची ही ओढाताण युद्धखेळांतही संगणकाच्या पुष्कळ आधीपासून आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ मांडला, तेव्हा त्यात फासे होते, कोष्टके होती, तपशीलवार नियम होते, आणि निकाल सांगायला पंचही होता. पुढे हे नियम किचकट वाटू लागले, आणि १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा ह्या सेनाधिकाऱ्याने सुचवले, की नियमांचे ओझे उतरवावे आणि निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा. पंच असता तर झऱ्याच्या काठी पाहून तो म्हणाला असता, "थांबा, हा आधी आला होता." अर्थात तोच पंच एखाद्या दिवशी पक्षपातही करता. संगणकाने पंचाला घालवले. पक्षपात गेला, आणि त्याच्याबरोबर दयाही गेली. जो विवेक पंच खेळ चालू असताना वापरत असे, तो आता नियम लिहिणाऱ्याला आधीच वापरावा लागतो. त्याची जबाबदारी हलकी झाली नाही, वाढली आहे.

आणि हेतूची मिरास तरी किती मानावी? 'डोटा'त एक डाव आहे, त्याला 'डिनाय' म्हणतात. आपल्याच बाजूचा मरायला टेकलेला शिपाई खेळाडू स्वतःच मारून टाकतो; हेतू हा, की त्याला मारल्याचा पुरता लाभ शत्रूला मिळू नये. मूळ 'वॉरक्राफ्ट'मध्ये स्वपक्षीयांवर हत्यार चालवता येत होते, त्या मोकळिकीतून हा डाव निघाला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो विचित्र, अंमळ क्रूरही वाटतो. परंतु तो हाकलून न देता नियमात बसवला गेला: साध्या शिपायाचा निम्म्याहून कमी जीव उरला असेल तरच असे करता येते. आता तो त्या खेळातल्या कौशल्याचा भाग मानला जातो. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेली प्रत्येक गोष्ट चूक असते असे नाही. कादंबरीतले पात्रही कधी आराखड्याबाहेर पाऊल टाकते, आणि तेव्हा पात्राला ओढून आणण्यापेक्षा आराखडा बदलणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे हेतू जसा दोषातून सोडवायला पुरा पडत नाही, तसा तो शेवटचा निवाडा करायलाही पुरा पडत नाही. माझ्या मनात हे होते का, ह्यापेक्षा त्यामुळे कुणाचे काय होते, हा प्रश्न मोठा आहे.

हा विचार खेळापुरताच राहिला असता, तर मी तो दिवाळी अंकात मांडला नसता. पण अलीकडे आपल्या रोजच्या जगण्यातले नियमही पंचाच्या हातून यंत्राच्या हाती जाऊ लागले आहेत. रेशनच्या दुकानांत बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आली. गरिबाच्या नावाचे धान्य दुसऱ्याने पळवू नये, हा त्यामागचा हेतू. त्याला कोण नाव ठेवील? परंतु माती, सिमेंट आणि राखेची भांडी ह्यांत ज्यांची आयुष्ये गेली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. कागद उलटणाऱ्या बोटांनी यंत्र दहा वेळा तपासले, तर ते दहाही वेळा बरोबरच ठरणार. ठसा जुळला नाही तर पुढे काय करावे, ह्याच्या वाटा नियमांत लिहिता येतात आणि लिहिल्याही जातात. पण ती वाट त्या म्हातारीला त्या दिवशी, त्या दुकानात सापडली की नाही, हे पाहणारा कुणी असावा लागतो. नकाशाकाराला त्याचे मित्र त्याच रात्री शिव्या घालतात, आणि तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती काढतो. रांगेतल्या बाईला नियम करणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. खेळातल्या शिपायाला पुढच्या डावात पुन्हा जीव मिळतो. तिला ह्याच महिन्याचे धान्य हवे असते.

मग शुद्ध हेतूला काही मोल नाही काय? आहे. त्याच्यावाचून झरा कोरण्याची बुद्धीच कुणाला झाली नसती. पण तो कामाचा आरंभ आहे, त्याचे प्रमाणपत्र नव्हे. शाळेत मी मुलांना वर्गाचे नियम त्यांचे त्यांनाच लिहायला लावतो, आणि एकाने लिहिलेल्या नियमात खोट कुठे आहे ते दुसऱ्याने शोधावे असे सांगतो. जो आधी हात वर करील त्याने उत्तर द्यावे, असा नियम हमखास कुणीतरी लिहितो. ऐकायला तो अगदी न्यायाचा वाटतो. मग कुणीतरी दाखवून देते, की सावकाश विचार करणारी मागच्या बाकावरची मुलगी ह्या नियमाने वर्षभर गप्प बसेल. तिला गप्प बसवावे असे कुणाच्याच मनात नव्हते. तरी नियम बदलावा लागतो.

म्हणून मला वाटते, नियम लिहिताना समोर समजून घेणारा कुणी नाही असे धरून लिहावे. आणि दुसऱ्याचे बोलणे ऐकताना मात्र आपण समजून घेणारे व्हावे. एरव्ही आपण नेमके उलट करतो: दुसऱ्याला त्याच्या शब्दात पकडतो आणि स्वतःसाठी हेतूची सूट मागतो. ज्याला झरा कोरायचा आहे त्याने तो अवश्य कोरावा. मात्र कोरून झाल्यावर घरी न जाता काठावर थोडा वेळ उभे राहावे, आणि पाण्यापाशी कोण आले व कोण तसेच परत गेले, ते मोजावे.